४६ वर्षं खानावळ, हॉटेल, कँटीन... आता पुस्तक स्वतःच छापायचंय, कुणाला अनुभव आहे का?

वाढपी६२

नमस्कार मंडळी, आजवर इथे नुसता वाचायला येत होतो, पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी १९७६ ला चौदाव्या वर्षी गुहागरकडच्या गावाहून लालबागला मावशीच्या खानावळीत आलो. शिकायला म्हणून पाठवलं होतं आणि बसवलं पोळपाटासमोर. ८२ च्या गिरणी संपानंतर दादरला एका हॉटेलात आधी मोरीवर मग टेबलावर, मग ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपनीच्या कँटीनमध्ये आचाऱ्याच्या हाताखाली, आणि शेवटची एकोणीस वर्षं स्वतःचा कँटीनचा ठेका. अडीचशेच्या वर कामगार असले की कारखान्यात कँटीन ठेवावंच लागायचं, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात होतं ते, त्या एका कलमावर माझं घर चाललं म्हणा ना. २०२२ ला गुडघे बोलायला लागले तेव्हा बंद केलं.

आता लिहून झालंय. जवळजवळ ५२ हजार शब्द. टायपिंग येत नाही म्हणून मोबाईलवर बोलून लिहिलं आणि त्यात जे झालंय ते विचारू नका, परातीचं सगळीकडे परत झालंय, कढईचं कधी, झाऱ्याचं जरा. एका ठिकाणी "कधी तापली की जरा घेऊन परत पुसायची" असं वाक्य आहे, बायकोने वाचलं आणि विचारलं कोण तापली.

तर माझे प्रश्न. एका प्रकाशनवाल्यांनी (नाव घेत नाही) पॅकेज सांगितलंय, ८५ हजार रुपये, पाचशे प्रती छापणार, त्यातल्या ५० मला, बाकीच्या "वितरणात". प्रकाशन समारंभाचा हॉल आणि चहापाणी वेगळं. मुलगा म्हणतो बाबा एवढ्यात तुम्ही आणि आई चारधाम करून याल, सून म्हणते पीडीएफ करून व्हॉट्सअपवर टाकून द्या.

दुसरं, त्यांच्या संपादकाने थोडं वाचून सांगितलं की संघर्ष कमी पडतोय, रडवा जरा वाचकाला, आणि ते डाळ-तांदळाचे हिशोब काढून टाका, कंटाळवाणे आहेत. आता मला सांगा साडेबाराला आठशे माणसं ताट घेऊन उभी राहणार असतात तेव्हा रडायला वेळ कुठे असतो?

तिसरं, ठेक्याच्या काळात कंपनीतला एक साहेब दर महिन्याला बिल पास करायला पाकीट घ्यायचा. सगळं लिहिलंय, नावासकट. ठेवू का?

जुनाखिळा

काका, आधी त्या पॅकेजला लांबून नमस्कार करा. मी प्रेसमध्ये तीस वर्षं काढली, खिळे म्हणजे शिशाची अक्षरं हाताने जुळवण्यापासून ऑफसेटच्या प्लेटवरच्या छपाईपर्यंत सगळं केलंय. हिशोब मांडतो, तुम्ही हिशोबाचे माणूस आहात, कंटाळा येणार नाही.

५२ हजार शब्द म्हणजे डेमी साइझमध्ये, म्हणजे पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात, साधारण २०८ पानं, सोळा पानांचा एक फर्मा धरला तर बरोब्बर तेरा फर्मे. आतला कागद ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड, कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि वर मॅट लॅमिनेशन. गेल्या वर्षी एका मास्तरांचं असंच पुस्तक करून दिलं, ३०० प्रतींना प्रत साधारण ११० ला पडली. म्हणजे ३३ हजार. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, पानाला ३० धरा, सव्वासहा हजार. मुद्रितशोधन पानाला १५, तीन हजार आणि वर थोडे. मुखपृष्ठाचे चित्रकाराला पाच हजार. सगळं मिळून साडेसत्तेचाळीसच्या आसपास आणि तीनशेच्या तीनशे प्रती तुमच्या घरात. तिकडे ८५ हजार देऊन हातात ५०, म्हणजे एक प्रत सतराशे रुपयांना! त्या वितरणातल्या साडेचारशे छापल्या की नाही हे बघायला तुम्ही गोडाऊनला जाणार आहात का?

आणि तीनशे तरी कशाला, पहिल्यांदा शंभरच काढा, डिजिटलवर. प्रतीला १८० वगैरे जातील, महाग पडेल, पण ऑफसेटला प्लेटचा खर्च शंभर काढा नाहीतर हजार काढा तेवढाच, म्हणून ते लोक तुम्हाला पाचशेच्या खाली येऊच देत नाहीत. शंभर संपल्या की पुढचं बघू.

डीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा की फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही उघडली तरी नीट वाचता येईल अशा अक्षरांत हवी. अजूनही बरेच जण जुन्या फॉन्टात काम करतात, छापायला दिसतं छान पण उद्या ईबुक करायचं म्हटलं की कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं आणि रफार मोडतात आणि सगळ्यात आधी मरतो तो ऱ्या. तुमच्या पुस्तकात पानोपानी "आचाऱ्याच्या" असणार, काय होईल विचार करा. आणि ओपन फाईल, म्हणजे पुढे बदल करता येईल अशी, ताब्यात घ्या, नुसती पीडीएफ नको.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, सरकारी वेबसाईटवर लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो, त्याचे कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

रोखठोक

स्पष्ट बोलतो राग मानू नका. मराठी पुस्तकं कोण विकत घेतंय? त्यातून अनोळखी माणसाची आठवण. काका तुम्ही यूट्यूब चॅनल काढा, आठशे माणसांची डाळ एका पातेल्यात, लाखात व्ह्यू येतील.

वाढपी६२

रोखठोक साहेब, राग कसला. पण आठशे माणसांची डाळ आता करू कुणासाठी, आम्ही घरात चौघं.

जुनाखिळा, तुम्ही फर्म्याचा हिशोब मांडलात तसा मला गेल्या सहा महिन्यात कुणी मांडून दिला नव्हता. १७०० चा आकडा मुलाला दाखवला, तो पहिल्यांदाच म्हणाला की मग स्वतःच छापा.

शेगडी

मी मुद्दाम लॉगिन करून लिहितेय. माझी आई डिलाईल रोडला खानावळ चालवायची, एका खोलीत आम्ही पाच जण आणि जेवायला बावीस गिरणीवाले. पहिली पाळी सातची म्हणून ती साडेतीनला उठायची, स्टोव्हचा आवाज हाच आमचा अलार्म. रॉकेल संपलं की कोळशाची शेगडी, म्हणून हे नाव घेतलंय इथे. संपावर मी जेवढं वाचलंय त्यात कामगार आहेत, पुढारी आहेत, मालक आहेत, त्यांना दोन वेळ वाढणारी बाई एखाद्या ओळीत येऊन जाते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, त्याआधी सावकार नाहीतर मंगळसूत्र. आई त्यातली होती.

तर दादा, त्या संपादकाला म्हणावं रडवायचं काम तू कर, हिशोब तसेच राहू देत. मला वाचायचंय तुमच्या मावशीकडे महिन्याचे किती घ्यायचे, मासे कुठल्या वारी, बोनस झाला की गोड काय, आणि संपात उधारी कुठवर गेली. आमच्याकडे हे कुणी लिहून ठेवलं नाही आणि आता विचारायला आई नाही.

वाढपी६२

ताई, तुमचं वाचून उठलो आणि पेटीतनं वही काढली. पुस्तकात तिच्यावर एवढंच आहे की मावशीकडे उधारीची वही होती, मला वाटलं त्यात काय सांगायचं.

मावशीला सगळे आक्का म्हणायचे. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला नव्वद रुपये होते ८१ साली, बुधवार शुक्रवार रविवार मासळी, बाकी दिवशी डाळ, भात, एक भाजी, तीन पोळ्या, आणि पोळी मागितली तर नाही म्हणायचं नाही पण चौथी पोळी वाढताना आक्का त्याच्याकडे बघायची आणि त्या बघण्याला घाबरून निम्मे लोक तीनवर उठायचे. बोनस झाला की एक दिवस शिरा, तुपातला, त्या दिवशी चौथीला बघायची नाही. एकूण जेवणारे एक्केचाळीस. मी पोळ्या लाटायचो, एक किलो कणकेच्या तीस-बत्तीस, पातळ झाली तर फाटायची आणि जाड झाली तर किलोला सव्वीसच यायच्या मग शिव्या. तिथे हाताला जे वजन बसलं ते पुढे कँटीनमध्ये कामाला आलं, आठशे माणसांना पंच्याहत्तर किलो कणीक, काटा न बघता सांगायचो.

संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. आधी सगळ्यांना वाटलं महिन्याभरात मिटेल. आक्काने सांगितलं संप मिटेपर्यंत पैसे मागणार नाही, वहीत मांडून ठेवा. फेब्रुवारीत मासळी आठवड्यातून एकदा झाली, मार्चमध्ये बंद, एप्रिलला भाजी गेली आणि डाळीत पाणी वाढलं. तेव्हा एकेक जण गावी जायला लागला, कोकणात, घाटावर, सांगून जायचे की भोंगा वाजला की येतो. मेच्या शेवटी वाणी आक्काला उधार द्यायचा थांबला तेव्हा चूल बंद. संप तर शेवटपर्यंत रीतसर मागे घेतलाच नाही कुणी, त्यामुळे तिचा शब्दही तसाच लोंबकळत राहिला. आता मोजलं, वहीत चौतीस नावं उघडी आहेत, एकूण येणे अकरा हजार तीनशे चाळीस. त्यावेळचे हो.

९१ ला त्यातला एकजण पाटणकडून आला, दोन पायली तांदूळ घेऊन, आक्काच्या पाया पडला, आक्काने जेवायला घातलं, चांगलं बांगड्याचं कालवण करून. तो गेल्यावर मी वही काढली आणि म्हटलं मारू का रेघ याच्या नावावर. तर म्हणाली, तांदूळ पाहुण्याने आणलेत, पैसे पैशाचे. आजही त्याच्या नावावर रेघ नाही.

२००९ ला ती गेली, वही माझ्याकडे आली.

शेगडी

दादा हे पुस्तकात नाहीये???? हे नाहीये आणि चारधामचं बजेट बोलतोय आपण? पहिलं पान इथून सुरू करा. गुहागरची एसटी, आईचा निरोप, बोचकं वगैरे नंतर आलं तरी चालेल, तेवढं प्रत्येकाच्या आत्मचरित्रात असतंच.

काळाकोट

वकील आहे पण हा सल्ला फुकटचा आहे, त्यामुळे तेवढ्याच किमतीचा समजा.

साहेबाचं प्रकरण. बदनामी आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ मध्ये आहे, आधी आयपीसीत ४९९-५०० होतं. लोकांचा समज असा की खरं लिहिलं की बदनामी होत नाही. फौजदारी केसमध्ये नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकहित आहे हेही दाखवावं लागतं, आणि खरं आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. पाकिटाची पावती आहे का तुमच्याकडे? नसणारच. साहेब वारले असतील तरी सुटका नाही, मेलेल्या माणसाची बदनामी घरच्यांना दुखावण्यासाठी केली असं म्हणता येतं. नाव काढा, कंपनीचं नाव काढा, आणि हे नीट ऐका, हुद्दा आणि वर्ष पण काढा. त्या वर्षी त्या कँटीनचं बिल पास करणारा एकच माणूस असेल तर नाव न लिहिताही तो ओळखू येतो. प्रसंग ठेवा, पाकीट कसं द्यायचात ते ठेवा, साहेब धूसर करा. पात्राचं नाव बदललंय असं सुरुवातीला लिहून टाका, त्याने केस टळेलच असं नाही पण तुमचा हेतू दिसतो.

वहीचंही तेच, उलट जास्त. ते चौतीस लोक गुन्हेगार नाहीत, त्यांची नातवंडं आज कुठेतरी नोकरी करत असतील आणि आजोबांच्या नावापुढे तीनशे रुपये बाकी असं छापलेलं त्यांना आवडेल का ते बघा. छापताना आडनावं आणि गावं झाका.

अजून एक, पुस्तक कुणाकडूनही करून घ्या पण करारात कॉपीराइट लेखकाकडे असं स्पष्ट हवं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तो तुमच्या नातवाला पुरणार आहे, एका सहीत देऊन टाकू नका.

वाढपी६२

वकीलसाहेब आभारी आहे. पाकीट कसं द्यायचो सांगतो, सणाच्या मिठाईच्या खोक्यात खाली पाकीट आणि वर बर्फी. एकदा आमच्या पोऱ्याने भलत्याच टेबलावर खोका ठेवला आणि अकाउंट्सच्या एका बाईंनी उघडला, बर्फी सगळ्यांना वाटली आणि पाकीट काही न बोलता मला आणून दिलं. त्या बाईंचं नाव तरी घालू का? चांगलं लिहिलंय हो त्यांच्याबद्दल.

काळाकोट

त्यांना विचारून घाला. आणि त्यांचं नाव घातलंत की साहेब कोण ते आख्ख्या कंपनीला कळणार, तेव्हा मी तर म्हणेन नकोच.

वाचनालयीन

तालुक्याच्या गावी ब वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. विक्रीबद्दल थोडं. वाचनालयं पुस्तकं घेतात पण आमची खरेदी अनुदान आल्यावर, घाऊक विक्रेत्याकडून आणि चांगल्या सवलतीत असते, एकट्या लेखकाने पिशवीत दहा प्रती घेऊन दारात यावं तर आम्हालाच अवघडल्यासारखं होतं. बरेच जण शेवटी भेट देऊन जातात आणि भेट दिलेलं पुस्तक, खरं सांगते, दाखल नोंद होऊन कपाटात जातं. तुम्ही त्यापेक्षा जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात एखाद्या विक्रेत्याच्या टेबलावर दहा-वीस ठेवा. दुकानदार छापील किमतीवर चाळीस टक्के तरी मागतील, म्हणून किंमत ठरवताना उलटा हिशोब करा, १८० ला पडलेली प्रत अडीचशेला लावलीत तर दुकानातून विकली गेली की तुमचेच तीस जातील.

तुमचं गिऱ्हाईक मला वाटतं दुकानात नाहीच. गावचं मुंबई मंडळ असेल ना? त्यांची वार्षिक सभा, गणपतीत गावी, शिमग्याला. तिथे वीस मिनिटं वहीबद्दल बोला. आणि केटरिंग शिकवणाऱ्या संस्थांना कळवा, आठशे माणसांचं प्रमाण मराठीत छापलेलं त्यांना सहज मिळत नाही. एक विनंती, ते प्रमाण वेगळ्या परिशिष्टात द्या, गोष्टीच्या मध्ये कोंबू नका. आणि छापलंत की चार प्रती काढून ठेवा, १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने तीस दिवसांत कोलकात्याची नॅशनल लायब्ररी, चेन्नई, दिल्ली आणि मुंबईच्या ग्रंथालयात एकेक पाठवायची असते, पोस्टाचा खर्च आपला. स्वतः छापलं म्हणजे प्रकाशक तुम्हीच. बहुतेक हौशी लोक पाठवत नाहीत, तुम्ही पाठवा. वही तिथे टिकेल.

रोखठोक

मागे बोललो ते परत घेतो, वहीवालं प्रकरण असेल तर एक प्रत माझी. ईबुकही करा, किंडलवर मराठी बरीच वर्षं चालतं, माझा भाऊ दुबईत हॉटेल लाईनमध्ये आहे, तो काही लालबागला येऊन घेणार नाही.

वाढपी६२

मंडळी तीन आठवड्यांनी येतोय, सांगायला उशीर झाला. पॅकेजवाल्यांना नाही म्हणून कळवलं, त्यांनी लगेच ६० वर आणलं, मग ४५ वर, भाजीवाल्यासारखं. पुतणीने फाईल घेतली, परत आणि कधी शोधून शोधून दुरुस्त करतेय, शोधा-आणि-बदला केलं तर खरोखरचं "परत आलो" चं "परात आलो" झालं म्हणून आता एकेक बघावं लागतंय. साहेब धूसर केले. पहिलं प्रकरण नवीन लिहिलं, वहीचं, हाताने लिहिलं यावेळी.

कँटीनची प्रकरणं कापून निम्मी केली. मला वाटत होतं तीच मोठी, एकोणीस वर्षं ना, पण वाचताना लक्षात आलं की त्यातली पंधरा वर्षं एकसारखीच होती, सोमवारी पोहे मंगळवारी उपमा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आठशे माणसांची करताना गोळा कसा होऊ द्यायचा नाही तेवढं ठेवलंय, ते मला खरंच येतं.

एकच अडचण. वहीचं एक पान फोटो काढून छापायचं ठरलंय, नावं झाकून. पण ती जुनी लांब लाल वही आहे, आज पट्टीने मोजली, साडेतेरा इंच लांब आणि रुंदीला पाच. डेमीत बसवायचं तर अक्षर एवढं बारीक होतं की आक्काचे आकडे मलाच वाचता येईनात. दोन पानांवर आडवी पसरवू का?

जुनाखिळा

अजिबात नको, मधली शिवण बरोबर आकड्यांवर येईल आणि परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पानं कण्याला गोंदाने चिकटवतात ते) मधला पाव इंच गिळला जातो. घडीचं पान करा, डेमीची उंची साडेआठ इंच, त्यात घडी घालून साडेतेराची लांबी बसते, वाचणारा उलगडून बघेल. शंभर प्रतींनाच करायचंय, हाताने चिकटवू, मी येतो एका रविवारी. जेवायला घालाल ना?

वाढपी६२

या. मासळीचा वार आहे.